दावा आणि पुरावा

(नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन मुलींच्या लेखन-शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

काल तुम्ही जमा केलेले निबंध रात्री बसून वाचले. विषय तुम्हीच निवडलेले. देज, दारू, वनजमीन, आश्रमशाळा, गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, एखादीला डाकीण ठरवणं. विषय निवडण्याच्या बाबतीत तुम्हाला शिकवावं असं माझ्याकडे काही नाही. बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. जवळजवळ प्रत्येक निबंधात अशी वाक्यं आहेत : 'सर्वांना माहीतच आहे की', 'तज्ज्ञांच्या मते', 'एका सर्वेक्षणानुसार', 'पूर्वीपासून असे चालत आले आहे'. वाचताना विचारावंसं वाटतं, कोणते तज्ज्ञ गं? कुठलं सर्वेक्षण? पूर्वीपासून म्हणजे कधीपासून, आणि हे तुला कुणी सांगितलं?

हे प्रश्न मी खोडसाळपणे विचारत नाही. पुरावा हा शब्द कानावर आला की आपल्याला पोलीस चौकी आणि तलाठ्याचं टेबल आठवतं. बाईकडे पुरावा मागतात तो बहुतेक वेळा तिला गप्प करायला. नवऱ्यानं मारलं? पुरावा काय? लग्न लागलं होतं? पुरावा काय? ही जमीन तूच कसत होतीस? दाखव कागद. त्यामुळे पुरावा म्हणजे समोरच्याचं हत्यार, अशी आपली समजूत होऊन बसते. आणि मग आपण लिहायला बसतो तेव्हा पुराव्याच्या वाटेलाच जात नाही. पोटतिडकीने लिहितो. वाचणारे प्राध्यापक समासात लिहितात, 'भावनिक आहे.' झालं, आपलं म्हणणं तिथेच संपलं.

पण तुम्हाला पुराव्याचं शास्त्र अगदीच नवीन आहे असं नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतून आलेल्या कितीजणींच्या घरी वनहक्काची फाईल आहे? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त. त्या फाईलला आपण काय म्हणतो? दावा. वनहक्काचा दावा. तुमच्या वडलांनी, आजोबांनी म्हटलं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आम्ही कसतो. हे झालं विधान. नुसतं तेवढं लिहून दिलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. मग फाईलमध्ये एकेक गोष्ट लागत गेली. निबंधाचंही असंच असतं. फाईल मंजूर झाली तर जमीन मिळते, निबंध मंजूर झाला तर गुण मिळतात, इतकाच फरक.

आता या कायद्याचा नियम १३ तुम्ही मुळातून वाचावा असं मला फार वाटतं. कायदा २००६ चा, नियम २००८ चे. कोणती गोष्ट पुरावा म्हणून चालेल याची यादी त्यात आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या हे कागद आहेतच. पण त्याच्यापुढे काय आहे बघा. शेताचा बांध. सपाट केलेली जमीन. जुनी विहीर. स्मशानाची जागा, देवाचं ठिकाण. वंशावळ. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांनी सांगितलेली, लिहून घेतलेली साक्ष. म्हणजे अंगठा उठवणाऱ्या म्हातारीचा शब्द हा भारत सरकारच्या नियमात पुरावा आहे! हे सहज झालेलं नाही, त्यामागे अनेक वर्षांची चळवळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहिलेल्या माणसांकडे कागद नव्हता, कारण कागद करणारा अधिकारीच तिथे पोचला नव्हता. या भागातली कित्येक गावं दीर्घकाळ वनगावं होती, महसुली दप्तरात त्यांची नोंद धड नव्हती. सरदार सरोवरात जिल्ह्यातली अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बाधित ठरली तेव्हा याच अडचणीनं माणसांना छळलं. जमीन कसणारा माणूस समोर उभा, पण कागदावर तो अतिक्रमण करणारा.

त्याच नियमात पुढे म्हटलं आहे की निर्णय घेताना एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सांगितलं की अमुकच एक कागद आणा असा हट्ट समितीनं धरू नये. या दोन गोष्टी वहीत लिहून घ्या, निबंधाला जशाच्या तशा लागू आहेत. एका पुराव्यावर सगळा भार टाकायचा नाही. आणि छापील तेवढंच खरं, बाईनं तोंडी सांगितलेलं कमी दर्जाचं, असंही मानायचं नाही. तोंडी शब्दाला किंमत नसती तर तुमच्या विद्यापीठाला आज बहिणाबाईंचं नाव नसतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, ओव्या उतरवून घेतल्या, त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. आज तुमच्या पदवीच्या कागदावर त्यांचं नाव छापून येतं.

आता गॅझेटियरकडे येऊ. तिघींनी त्याचा आधार घेतला आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशावर आहे, १८८० चा. इंग्रज अधिकाऱ्यांच्या माहितीवर तो बेतला आहे, आणि भिल्लांविषयी त्यात सरसकट शेरे आहेत. एकीनं लिहिलंय, 'भिल्ल समाजाचा स्वभाव पूर्वीपासून असा आहे' आणि खाली आधार म्हणून गॅझेटियर. अगं, तो शेरा कशाचा पुरावा आहे? १८८० साली एक गोरा साहेब आपल्या लोकांबद्दल काय समजत होता, याचा. आपले लोक कसे होते याचा नाही. पण तेच पुस्तक, अमुक डोंगरात त्या काळी भिल्ल वस्ती होती हे सांगायला उत्तम पुरावा आहे, आणि म्हणूनच वनहक्काच्या यादीत गॅझेटियर आहे. पुस्तक तेच, पान कदाचित तेच. एका दाव्याला ते चालतं, दुसऱ्याला चालत नाही. पुरावा चांगला की वाईट हे सुटं ठरत नाही. कशाचा पुरावा, हे आधी विचारायचं.

हा प्रश्न न विचारल्यामुळे देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही काय घडलं ते सांगते, कारण आपल्या चळवळीचं एक मोठं पान तिथून सुरू होतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, आता ते गडचिरोलीत येतं. मार्च १९७२. एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर रात्री पोलीस ठाण्याच्या आवारात बलात्कार झाल्याची तक्रार. वैद्यकीय तपासणीत तिचं वय १४ ते १६ च्या दरम्यान धरलं गेलं. हा खटला मथुरेच्या नावाने ओळखला जातो. सत्र न्यायालयानं १९७४ साली पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९७६ साली शिक्षा दिली. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष सोडलं. कारण? तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. खुणा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती.

आता वर्षभरानं, १६ सप्टेंबर १९७९ ला, चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार. मी कार्यकर्ती म्हणून हे पत्र अनेकदा वाचलं आहे आणि दरवेळी एक गोष्ट लक्षात येते. नवा साक्षीदार त्यांनी आणला नाही. जे पुरावे न्यायालयापुढे होते तेच घेतले आणि पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतची पायरी तपासली. जखम नाही, हे मान्य. पण त्यावरून संमती कशी सिद्ध होते? शरण जाणं आणि संमती देणं या दोन गोष्टी कायद्यातही वेगळ्या आहेत. गरीब, आदिवासी, पंधरा-सोळा वर्षांची पोर, रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर खाकी वर्दी. या परिस्थितीचा निकालात विचार कुठे आहे? पत्रात राग आहे, भरपूर आहे. पण तो राग एकेका मुद्द्याला धरून आहे, म्हणून त्याला कुणी 'भावनिक' म्हणून बाजूला टाकू शकलं नाही. १९८० च्या ८ मार्चला देशभर मोर्चे निघाले ते या पत्रामागून. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, असं कलम पुरावा कायद्यात आलं. तो १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही हे कलम आहे. आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानू नये, हे स्पष्ट शब्दांत कायद्यात यायला २०१३ साल उजाडलं. मथुरेला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही. खटला पुन्हा उघडला गेला नाही.

जाता जाता सांगते, यातल्या वसुधाताई धागमवारांनी तुमच्याच अक्राणी-अक्कलकुवा भागातल्या आदिवासींचा आणि कायद्याचा संबंध अभ्यासला आहे. २००६ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात तुमचा डोंगर आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नसेल तर मागणी नोंदवा.

आता आकड्यांकडे. सातजणींनी लिहिलंय की पुरुष घरकाम करत नाहीत. खरं आहे, पण 'करत नाहीत' म्हणजे किती? इथे आपल्या बाजूचा पुरावा सरकारनेच गोळा करून ठेवला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम : बायका दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८. हे छान आकडे आहेत, पण लगेच उचलून निबंधात टाकू नका. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. हे आकडे त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांच्यापुरते आहेत. २०१९ मध्ये असं काम करणाऱ्या बायका होत्या १०० त ८१, आणि पुरुष १०० त २६. म्हणजे सगळ्या पुरुषांची सरासरी काढली तर ती ९७ नाही, २५ मिनिटांच्या आसपास येते. सगळ्या बायकांची येते २४३. 'भारतीय पुरुष रोज दीड तास घरकाम करतो' असं कुणी सभेत ठोकून दिलं तर त्याला बारीक अक्षर वाचून दाखवायचं!

आणखी एक. पाणी आणणं आणि सरपण गोळा करणं या २९९ मध्ये नाही. ते दुसऱ्या गटात मोजलंय, घरच्या वापरासाठी वस्तू मिळवण्याच्या गटात. मुंबईतल्या घरात नळ सोडला की संपलं, तिथे फरक पडत नाही. पण सातपुड्यात उन्हाळ्यात झऱ्यावर जाणाऱ्या बाईचं निम्मं काम या आकड्याच्या बाहेर राहतं. मग तुमच्या गावाबद्दल लिहायचं तर काय करायचं? दहा घरं निवडा. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण काय करतं ते घड्याळ लावून लिहा. दिवस कोणता, ऋतू कोणता, घरं कशी निवडली तेही लिहा. आणि निष्कर्ष दहा घरांपुरताच काढा, सगळ्या आदिवासी समाजाबद्दल काढू नका. दहा घरांची नीट नोंद ही तज्ज्ञांच्या मोघम मतापेक्षा भारी असते.

एका उदाहरणानं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हेही यातच आलं. 'माझ्या मावशीला डाकीण म्हणून मारलं' यावरून सगळीकडे असंच होतं हे ठरत नाही. पण कुणी म्हणालं की आता असं काही घडतच नाही, तर ते खोडायला एक मावशी पुरे. डाकिणीच्या प्रकरणात तर पुराव्याचा खेळच उलटा आहे. आरोप करणारा काही दाखवत नाही, आणि आपण डाकीण नाही हे त्या बाईनं सिद्ध करायचं. जे नाही ते 'नाही' म्हणून कसं दाखवणार?

सिद्ध कुणी करायचं, हा प्रश्न देजाच्या आणि जमिनीच्या निबंधांनाही लागू आहे. चारजणींनी लिहिलंय की आमच्यात हुंडा नाही, देज आहे, म्हणून आदिवासी समाजात बाईला समान दर्जा आहे. शहरातल्या पुस्तकांतही हे वाक्य फिरत असतं. देजावरून एवढंच कळतं की लग्नात बाईच्या श्रमाला किंमत धरली जाते. ती किंमत कुणाच्या हातात पडते? ती नवऱ्याला सोडून निघाली तर देज कोण परत मागतं, आणि त्या भीतीनं ती किती मार सोसते? जातपंचायतीत तिला बोलता येतं का? बापाच्या जमिनीत वाटा मिळतो का? या प्रत्येकाला वेगळा पुरावा लागेल. काहींचं उत्तर समान दर्जाच्या बाजूनं येईल, काहींचं विरुद्ध. विरुद्ध आलं तरी ते लिहायचं. आपल्या समाजाची बदनामी होईल म्हणून घरातलं झाकायचं, हा सल्ला बायकांना सगळ्याच जातींत मिळत आलेला आहे.

वारसाहक्काचा १९५६ चा हिंदू कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये तसं आहे. तिथे रूढी चालते. आणि रूढी म्हणजे काय, तर 'बाईला वाटा देत नाहीत' असं गृहीत धरून सगळे पुढे जातात. छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांनी तिच्या वडलांच्या जमिनीत वाटा मागितला. खालच्या न्यायालयांनी त्यांनाच सांगितलं, बाईला वाटा मिळतो अशी रूढी असल्याचं सिद्ध करा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वारसांच्या बाजूनं निकाल दिला. वाटा मिळत नाही हेच आधी गृहीत का धरलं, उलट बाईला वगळणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्यानं ती दाखवावी असंही म्हणता आलं असतं, असा त्या निकालाचा सूर आहे. तुमच्या निबंधातलं 'पूर्वीपासून असे चालत आले आहे' हे वाक्य आठवलं ना? ते लिहून तुम्ही नकळत कुणाची बाजू घेता, ते बघा.

शहाद्याच्या दोघींना एक सूचना. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, आणि पुढे त्या भागातल्या आदिवासी बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले. त्यावर इंग्रजीत लिहिलं गेलंय. तुम्ही ते वाचून निबंध केलात, चांगलं केलंत. पण त्या मोर्चांत चाललेल्या काही बायका आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. तुम्हाला त्यांची बोली येते, पुस्तक लिहिणाऱ्यांना दुभाषा लागला असेल. त्यांच्याकडे जा. कोणत्या दिवशी, कुठे बसून बोललात ते टिपा. त्यांचे शब्द भिलीत किंवा पावरीत लिहा, मग मराठी करा, दोन्ही ठेवा. सालाबाबत त्यांच्या आठवणीवर विसंबू नका, साल कागदाशी ताडून बघा. पण मोर्च्याला निघताना घरात काय झालं, सासू काय म्हणाली, पोराला कुणाकडे ठेवलं, हे कुठल्या कागदात आहे?

मात्र बाईचा शब्द पुरावा म्हणून वापरताना तिला विचारायचं. तुमचा निबंध प्राध्यापक वाचतील, मैत्रिणी वाचतील, कुणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकेल. 'आमच्या गल्लीतली तिसऱ्या घरातली वहिनी' असं लिहिलं तर नाव बदलून काय उपयोग? नाव, गाव, पाडा, मुलांची संख्या, सगळंच झाकावं लागतं. बलात्काराच्या प्रकरणात पीडित बाईची ओळख छापणं १९८३ पासून गुन्हाच आहे. पण मारहाण, टाकलेली बाई, डाकीण यांतही आपण तोच नियम पाळू. तिनं नको म्हटलं तर तो पुरावा कितीही जबरदस्त असला तरी सोडून द्यायचा. निबंध थोडा लंगडा झाला तर होऊ दे.

आणि हल्लीची एक डोकेदुखी. मोबाईलला विचारलं की तो सुबक मराठीत उत्तर देतो, मागितली तर पुस्तकांची नावं, पानांचे आकडेही देतो. त्यातली काही पुस्तकं कुणी लिहिलेलीच नसतात. जे पान तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाही ते आधार म्हणून लिहायचं नाही. दुसऱ्याच्या लेखात वाचलं असेल तर 'अमक्याच्या लेखात उल्लेख' असं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही.

आता जेवणानंतरचं काम. स्वतःचा निबंध घ्या, शेजारणीला द्या. तिनं प्रत्येक विधानाखाली रेघ मारायची आणि समासात लिहायचं, 'कुठून कळलं?' उत्तर असेल तर निबंधात घाला. उत्तर मिळण्यासारखं असेल तर कुठे मिळेल ते लिहा. मिळतच नसेल तर वाक्य लहान करा, 'सर्व' काढून 'काही' करा, नाहीतर वाक्यच काढा. 'मला वाटतं' असं लिहायला बंदी नाही, फक्त ते वाटणं आहे हे दिसू द्या.

ज्यांच्या घरी वनहक्काचा दावा आहे त्यांनी उद्या त्याची छायाप्रत आणायची आहे. आणण्याआधी एक बघा. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्यावर आईचं नाव आहे का, बरोबर लिहिलंय का, की नुसतं 'पत्नी' आहे, ते वाचून या. उद्या सकाळी दहाला तिथून सुरुवात करू.